'कन्यादान' नाटक आणि आपण वाचक

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांला 'नाटक आणि कुटुंब' हा विषय दिला. विषय फार मोठा आहे, म्हणून आम्ही एकच नाटक निवडले. ते म्हणजे विजय तेंडुलकर यांचे 'कन्यादान'. १९८३ साली ते रंगभूमीवर आले. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी आपल्या माणसांत या नाटकाचे नाव काढले की आवाज चढतो. वाचक मंडळात ते मोठ्याने वाचले तेव्हाही तसेच झाले. एकाच सतरंजीवर बसून एकच पुस्तक ऐकणाऱ्या माणसांची मते इतकी निरनिराळी का होतात, याचा विचार आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. नाथ देवळालीकर हे पुण्यातील समाजवादी आमदार. पत्नी सेवा समाजकार्यात, मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. आपल्या घरात लोकशाही आहे याचा नाथांना मोठा अभिमान. एके दिवशी ज्योती सांगते की, अरुण आठवले या दलित तरुणाशी तिला लग्न करायचे आहे. अरुण शिकतो आहे, कविता लिहितो. नाथ हरखून जातात. सभांतून सांगितलेले जातिअंताचे स्वप्न स्वतःच्या घरात खरे होणार म्हणून त्यांना कृतार्थ वाटते. आई आणि भाऊ यांना मात्र मुलाच्या स्वभावाची धास्ती वाटते. पहिल्याच भेटीत अरुण ज्योतीचा हात पिरगाळतो. लग्न होते आणि मारहाण सुरू होते. ज्योती माहेरी येते, अरुण पश्चात्ताप करीत मागोमाग येतो, ती परत जाते. पुढे अरुणच्या आत्मचरित्राचा गौरव होतो, आणि त्याच काळात गरोदर ज्योतीला तो मारतो. त्या पुस्तकावर बोलण्याचे निमंत्रण नाथांना येते. गेलो नाही तर राग मुलीवर निघेल, या भीतीने ते जातात आणि मनाविरुद्ध स्तुती करतात. ज्योती घरी येऊन त्या खोटेपणाचा जाब विचारते. कोणताही माणूस मुळात वाईट नसतो, या वडिलांच्याच शिकवणुकीने तिला कोठे आणून सोडले ते सुनावते, आणि नवऱ्याच्या घरी निघून जाते.

आता मते पाहू. आमच्यातील तरुणांना हे नाटक अपमान वाटले. त्यांचे म्हणणे असे की, शिकून वर आलेला, लिहिणारा आपला मुलगा मोठ्या नाटककाराच्या नाटकात एकदाचा मध्यभागी आला, आणि तो दारू पिणारा, बायकोला मारणारा निघाला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या ग्रंथात आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून सांगितला. तोच उपाय या नाटकात रक्तबंबाळ होऊन पडतो. हे वाचून सवर्ण आईबाप म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो! हा राग आजचा नाही. या नाटकापायी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, असे खुद्द तेंडुलकरांनीच सांगितले आहे. आणि ते सांगितले कोठे, तर याच नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान स्वीकारताना!

आमच्यातील निवृत्त शिक्षकांचे मत वेगळे पडले. ते म्हणाले, हे नाटक अरुणचे नव्हे, नाथांचे आहे. मुलीच्या सुखापेक्षा स्वतःच्या तत्त्वावर जास्त प्रेम करणाऱ्या बापाची ही फजिती आहे. तेंडुलकरांनीही त्या समारंभात, हे विजयाचे नाटक नसून पराभवाची कबुली आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. शिक्षकांचे म्हणणे असे की, लेखक आपल्याला हिणवत नाही, तो स्वतःच्याच वर्गाची झडती घेतो आहे.

भगिनींनी तिसरीच बाजू मांडली. त्या म्हणाल्या, तुम्ही पुरुष मघापासून लेखकाची जात आणि जावयाची जात यांवर भांडता आहात. मार कोणी खाल्ला? ज्योतीने. तिच्याविषयी एक तरी वाक्य बोललात का? यावर सभेत काही वेळ कोणी बोलले नाही.

आम्हांला असे वाटते की, या तिन्ही मतांत तथ्य आहे. प्रत्येक जण नाटकातल्या एकेका माणसाशेजारी जाऊन बसला आहे. मात्र तरुणांचा राग हळवेपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर' या १९७२ च्या नाटकाची तुलना करून पाहा. सखाराम जन्माने ब्राह्मण. तोही दारू पितो, घरात आणलेल्या बायकांना मारतो. त्या नाटकावर मोठे वादळ झाले, प्रकरण न्यायालयात गेले, पण ते अश्लीलतेवरून. ब्राह्मण नवरे असेच असतात, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला नाही. कारण मराठी रंगभूमीवर ब्राह्मण नवऱ्यांच्या शेकडो तसबिरी आधीच टांगलेल्या आहेत. एक काळी निघाली तर भिंत काळी होत नाही. आपली भिंत रिकामी होती. तिच्यावर पहिली मोठी तसबीर लागली ती अरुणची. एकट्या माणसाला सगळ्या समाजाचा भार वाहावा लागतो, तो असा.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्या. नाटक सारे देवळालीकरांच्या दिवाणखान्यात घडते. अरुण त्या घरात पाहुणा म्हणून येतो, गुन्हेगार म्हणून येतो, सत्कारमूर्ती म्हणून येतो. त्याचे स्वतःचे घर आपल्याला दिसत नाही. बाप आईला मारीत असे हे तो सांगतो; पण ती आई रंगमंचावर येत नाही. सुनेला मार बसताना तिने काय केले असते, मध्ये पडली असती की मान फिरवली असती, हे आपल्याला कळत नाही. लेखकाला जे घर आतून ठाऊक होते ते त्याने दाखवले. याबद्दल त्याला दोष देता येईल, पण उरलेले घर दाखवण्याचे काम कोणाचे, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

ते काम आपल्या लेखकांनी अंगावर घेतले आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' अवश्य वाचा. त्यात घर दलित प्राध्यापकाचे आहे. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण आहे. बाबासाहेबांच्या काळातले काका आहेत आणि पेटलेला तरुण अर्जुनही आहे. तिथे आंतरजातीय लग्न हा एकमेव प्रश्न नाही. ते एक चालते-बोलते घर आहे आणि त्यात चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकींशी भांडतात. प्रेमानंद गज्वी यांनी तर उलट दिशेने प्रवास केला. 'किरवंत' या नाटकात ते अंत्यविधी करणाऱ्या, ब्राह्मणांतच हलक्या मानल्या गेलेल्या कुटुंबात शिरले आणि त्या घराचे दुःख मांडले. डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगभूमीवर आणले. दुसऱ्याच्या घरात कसे जावे, याचा तो उत्तम धडा आहे. चप्पल एकदा फेकली की संपते. नाटकाला दिलेले नाटकाचे उत्तर टिकते.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे येतो, कारण आमच्या मते तोच सर्वांत अवघड आहे. अरुणचे चित्र अन्यायाचे आहे असे म्हणताना, अरुणसारखे कोणी आपल्यात नाहीच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह टाळला पाहिजे. आपल्याच बायकांनी हे लिहून ठेवले आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकात महारवाड्यातील सासुरवाशिणींच्या छळाची वर्णने वाचा. अंगावर काटा येतो. त्या बाई कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नव्हत्या. त्या आपल्याच माणसांना आरसा दाखवीत होत्या. तो आरसा आपण डोक्यावर घेतला, मग त्यात दिसलेला चेहरा विसरायचा कसा? मारहाण कोणत्याही एका जातीची मिरास नाही, हे खरे. पण म्हणून ती आपल्या घरात क्षम्य ठरत नाही. अरुण आपल्या पूर्वजांच्या यातनांचा दाखला देतो. त्या यातना खऱ्या आहेत. परंतु त्या यातनांची वसुली बायकोच्या पाठीवरून करण्याचा अधिकार कोणाही पुरुषाला नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा. त्याही आधी, सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची कर्तव्ये सांगताना पत्नीचा सन्मान करणे आणि तिचा अवमान न करणे यांचा समावेश केला. हे आपण परित्राणपाठाला ऐकतो आणि मंगल परिणयाला सांगतो. घरी गेल्यावर त्याचे काय होते, ते ज्याचे त्याने तपासावे.

नाटकाच्या नावाविषयी दोन शब्द. आपल्या मंगल परिणयात कन्यादान नाही. त्रिसरण-पंचशील घेऊन दोघे जण एकमेकांना वचन देतात. मुलगी ही दान देण्याची वस्तू नाही, हा त्याचा अर्थ. नाथ पुरोगामी खरे, पण त्यांनी शेवटी मुलीचे दानच केले. देवापुढे केले नाही, तत्त्वापुढे केले एवढेच. आपण विधी बदलला, ते चांगले झाले. पण 'दिल्या घरी सुखी राहा' हे वाक्य आपल्या ओठांवरून गेले आहे का? मार खाऊन आलेल्या मुलीला, चळवळीतला मुलगा आहे, बोभाटा नको, असे सांगणारे नाथ आपल्याही वस्तीत आहेत.

हे नाटक आले त्याच १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला. त्याने नांदत्या घरात राहण्याचा हक्क बाईला दिला. ज्योतीच्या हाती हे सारे नव्हते. आपल्या लेकींच्या हाती आहे. त्यांना ते ठाऊक करून देणे हे आपल्या संस्थेचे काम आहे.

आंतरजातीय विवाह व्हावेत, अधिक व्हावेत. खुद्द बाबासाहेबांनी १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह करून ते आचरणात आणले. एका नाटकातले लग्न मोडले म्हणून तो मार्ग बंद होत नाही. फक्त त्या मार्गावर आपल्या मुलीला किंवा सुनेला आपण तत्त्वाच्या नावाखाली एकटे सोडू नये.

म्हणून आमची विनंती एवढीच की 'कन्यादान' घरात वाचा. मुलगा, सून, सासू, जावई यांना एकत्र बसवून वाचा. मते जुळणार नाहीत, आवाज चढतील. चढू द्या. त्या वेळी घरातली जी बाई काहीच बोलत नसेल, तिचे मत शेवटी मुद्दाम विचारा आणि ते संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

 जयभीम. नमो बुद्धाय.