तेरा जोडण्यांची केबल



संयोजकांनी ‘तुझ्या कामाविषयी बोल’ असं सांगितलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आज एका केबलविषयी बोलणार आहे. कारण ते काम मला आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीनं शिकवलं.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मोजमापाचं एक जुनं उपकरण आहे. ते चालवणारा संगणक नव्वदच्या दशकातला. त्याचा मॉनिटर बंद पडला आणि दोन विद्यार्थिनींचे प्रबंध अडले. नवं उपकरण घ्यायला पैसे नव्हते. संगणकाच्या मागचा कनेक्टर ‘13डब्ल्यू3’ जातीचा. त्यात रंगांसाठी तीन जाड जोडण्या आणि दहा बारीक पिना असतात. सन, सिलिकॉन ग्राफिक्स अशा कंपन्यांनी हाच आकार वापरला, पण आतली वायरिंग ज्याची त्याची वेगळी. म्हणजे बाजारातली केबल घट्ट बसेल, पण चित्र येईलच असं नाही. माहितीपुस्तिका कुणाकडे नव्हती. आणि ग्राफिक्स कार्ड जळलं, तर दुसरं मिळणार नव्हतं.

प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ वेगवेगळं लिहायचं, हे बाईंनी आपल्याकडून किती वेळा घटवून घेतलं, आठवतंय ना? मी तसेच दोन रकाने आखले.

आधी संगणक बंद ठेवून मल्टिमीटरचं एक टोक त्याच्या धातूच्या सांगाड्याला आणि दुसरं एकेका पिनला लावलं. बीप वाजला, ती ग्राउंड. मग संगणक सुरू केला. तीन पिनांवर स्थिर 5 व्होल्टच्या आसपास दाब होता. तो वीजपुरवठा असेल का? प्रत्येक पिन 1000 ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडून पाहिली. दाब लगेच कोसळला. म्हणजे तो पुरवठा नव्हता, नुसती विचारणा होती. ‘समोर कोणता मॉनिटर आहे?’ असं संगणक सुरू होताना या तीन तारांवरून विचारतो. कोणती तार ग्राउंडला जोडलेली आहे आणि कोणती मोकळी, हेच उत्तर. तीन तारांची अशी आठ उत्तरं होतात.

ऑसिलोस्कोपवर आणखी एक पिन जिवंत दिसली. दर 16 मायक्रोसेकंदांनी एक ठोका, आणि सेकंदाला 66 वेळा त्या ठोक्यांची घडी बदलत होती. हिशोब सोपा होता. सेकंदाला सुमारे 62,000 ओळी, त्याला 66 नं भागलं की एका चित्राच्या साधारण 940 ओळी. 900 दिसणाऱ्या, बाकीच्या कोऱ्या. ओळ कुठे सुरू होते आणि चित्र कुठे सुरू होतं, हे दोन्ही इशारे एकाच तारेवर होते. असा एकत्रित इशारा चालतो असं ज्याच्या पुस्तिकेत छापलं होतं, तोच मॉनिटर आम्ही निवडला.

हे सगळं कागदावर उतरेपर्यंत मॉनिटर जोडला नाही. तीन शनिवार गेले. रंगांच्या तीन तारा शेवटी जोडल्या. तिथे अदलाबदल झाली असती, तर फक्त लालाचं निळं दिसलं असतं.

चित्र आलं. त्या मुलींपैकी एकीनं केबलकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं थेट आपली फाइल उघडली आणि अर्धवट राहिलेलं मोजमाप पुढे सुरू केलं. मला तेच फार आवडलं. पिनांचा तक्ता मी संगणकाच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवला आहे, पुढच्या माणसाचे तीन शनिवार वाचावेत म्हणून.

बाई, आपल्या प्रयोगशाळेसाठी मी आज चार मल्टिमीटर आणले आहेत. ते कपाटात कुलपाखाली ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. शिकवायला माणूस लागला, तर महिन्यातला एक शनिवार मी येईन.