शिक्षक-कक्षातील ज्ञान



संस्थेजवळचे ज्ञान नेमके कोठे असते, या प्रश्नाविषयी मी थोडे बोलणार आहे. कपाटातील फाइली, परिपत्रके व टाचणवह्या यांत ते असते, असे आपण धरून चालतो.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने आपल्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. अमुक खूण दिसली की तमुक भाग बदलावा, असा त्यांचा थाट. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने या तंत्रज्ञांबरोबर हिंडून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्यावरील त्याचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्याला निराळेच दिसले. यंत्र पुस्तिकेबाहेर वागू लागले की ही माणसे एकमेकांना गाठीत. न्याहारीला बसली तरी गप्पा यंत्रांच्याच! एकदा पुस्तिकेप्रमाणे भाग बदलला, तर नवा भागही जळाला. तेव्हा तंत्रज्ञ व त्याचा अनुभवी सहकारी यंत्रासमोर बसून जुन्या बिघाडांच्या हकीकती एकमेकांना सांगत राहिले. कित्येक तासांनी त्यांतूनच खरा दोष सापडला. यंत्राने दाखविलेली खूणच फसवी होती.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात, माणूस काम शिकतो तो ते काम करणाऱ्या मंडळींत मिसळूनच, असा विचार मांडला. त्यात लायबेरियातील शिंप्यांचे उदाहरण आहे. तेथील शागीर्द आधी बटणे लावणे, दुमडी घालणे शिकतो, मग शिवणे आणि शेवटी कापणे. आपल्याकडे काज-बटणापासून सुरुवात करणारा पोरगा कोणी पाहिला नाही?

आता आपल्याकडे वळू. (अ + ब)² चे उत्तर अ² + ब² असे लिहिणारी मुले दरवर्षी प्रत्येक वर्गात असतात. कोणी गुरुजी फळ्यावर चौरस काढून, बाजूचे दोन तुकडे करून, उरलेले दोन आयत मुलांकडूनच शोधून घेतात. ही युक्ती टाचणवहीत नसते. गुरुजी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतात, त्यांच्याबरोबर तीही जाते आणि नवा शिक्षक पहिल्यापासून चाचपडू लागतो. व्हॉट्सअॅपवर आपले गट आहेत खरे; पण तेथे सुप्रभात आणि परिपत्रके यांचीच गर्दी.

ज्याची शिकवणी जोरात चालते, तो आपली युक्ती फुकट का सांगेल, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. झेरॉक्सने पुढे तंत्रज्ञांच्या युक्त्यांचा 'युरेका' नावाचा संग्रह केला. आलेली युक्ती आधी जाणकार सहकारी तपासून पाहत. मोबदल्याचा प्रश्न निघाला, तेव्हा तंत्रज्ञांनी पैशांपेक्षा युक्तीखाली सांगणाऱ्याचे नाव असावे, हे पसंत केले. आपल्याही संस्थेने एवढे करावे. ज्याची युक्ती, त्याचे नाव.

मात्र हे हुकूम काढून होणार नाही. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेमागील हेतू उत्तमच आहे. पण मी ज्यांत बसलो त्यांपैकी काही सभा सूचना वाचण्यात आणि सह्या घेण्यात संपल्या. मुख्याध्यापक वही उघडून बसले, की "मला हे जमत नाही" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघत नाही. आणि त्या वाक्याखेरीज बैठक व्यर्थ. म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आपल्या सर्व शाळांतील गणित-शिक्षकांना एक तास व एक खोली द्यावी. इतिवृत्त मागू नये. गणितात जमले तर पुढे इतर विषय.

पहिल्या बैठकीसाठी माझा प्रश्न तयार आहे. -३ मधून -५ वजा करताना सातवीची मुले हटकून -८ लिहितात. संख्यारेषा काढून झाली, उधारीचे उदाहरण देऊन झाले. कोणाजवळ याहून बरा उपाय असेल तर चहाच्या वेळी मी त्या दाराजवळ उभा आहे.