झोपेचा हिशोब कोण मांडणार?



बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी असा उत्पादनखर्च आपण नेहमी मांडतो. आज त्या हिशोबात कधीच न धरलेल्या एका खर्चाबद्दल बोलायचं आहे. तो म्हणजे आपली झोप.

आधी पुरुषांची झोप घेऊ. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं आणि रोही रात्रीच येतात. मग माळ्यावर जागल. ज्याच्याकडे विहीर आहे, त्याच्यामागे विजेची पाळी. दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, ही पद्धत राज्यात वर्षानुवर्षं चालत आली. शेतीसाठी सौर फीडरची योजना २०१७ साली आली. ती जिथं पोचली नाही, तिथं हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन रात्री-बेरात्री जावं लागतं. पण ही मोडलेली झोप लोकांना दिसते. सकाळी घर म्हणतं, ‘जागलीवरून आलाय, पडू द्या त्याला.’

बाईच्या मोडलेल्या झोपेला मात्र नावच नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे चारला उठायचं. पाणी, भाकरी, डबे. दिवसभर कंबरेला फडकं बांधून वेचणी. परत आल्यावर पुन्हा चूल आणि भांडी. रात्री लेकरू रडलं, सासऱ्याला खोकल्याची उबळ आली, तर उठणार तीच. तिला सकाळी कोण म्हणतं, ‘पडू द्या’?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात थोडे. कृषिमूल्य आयोग पिकावरची घरची मजुरी तरी मोजतो. चुलीपुढचे हे पावणेपाच तास कुणाच्याच खर्चात धरत नाहीत. ते निघतात तिच्या विसाव्यातून आणि झोपेतून.

कुणी म्हणेल, तीही पाच-सहा तास पडतेच की! भावांनो, पावसाची सरासरी भरली, पण मधे वीस दिवसांचा खंड पडला, तर पीक हाती लागतं का? झोपेचंही तसंच आहे. गाढ लागण्याआधी ती पुन्हापुन्हा मोडली तर तास भरतात, थकवा जात नाही. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी. सलग १७-१८ तास जागलेल्याचे हात आणि डोळे थोडी दारू प्यायलेल्यासारखे मंदावतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्याच हातांनी आपण मळणीयंत्रात कणसं सारतो, फवारणीचं औषध कालवतो.

शेतीला दिवसा वीज आणि रानडुकरांचा बंदोबस्त, या मागण्या सरकारकडे आहेतच. बाकीचं आपल्याच हातात आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून जागलीची पाळी लावावी. रात्र जागून काढली, तर सकाळी फवारणी आणि मळणी टाळावी. हंगामात पाणी भरणं पुरुषांनी आणि मोठ्या पोरांनी घ्यावं. रात्रीचं लेकरू आणि म्हातारं माणूस दोघांनी आळीपाळीनं सांभाळावं.

पुढल्या बैठकीला येताना एक करा. आठ दिवस घरात सगळ्यांत शेवटी कोण निजलं आणि सगळ्यांत आधी कोण उठलं, ते कॅलेंडरवर लिहून आणा. हिशोब मांडल्याशिवाय मागणी उभी राहत नाही, हे आपण सरकारला सांगत आलो. तोच नियम आपल्या घरालाही लागू आहे.