जुनी जीप घेताना

आमची वाडी डोंगरावर. पावसाळ्यात चिखलातून साधी गाडी वर चढत नाही, अडलेल्या बाईला झोळीतून खाली न्यावं लागतं. म्हणून गटातल्या आम्ही दहाजणींनी ठरवलं, जुनी का होईना, पण चारही चाकं ओढणारी जीप घ्यायची.

पहिली जीप नव्या रंगानं चकचकत होती. आम्ही विसार काढणार, तेवढ्यात सोबतच्या मिस्त्रीनं चासीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळेना! पैसे तसेच कनवटीला लावून परतलो.

तेव्हापासून आम्ही रंगाला भुललो नाही. आधी गाडीखाली वाकायचं. चासीला गंज, वेल्डिंगचे जोड आहेत का बघायचं. इंजिन थंड असतानाच आपल्यासमोर चालू करायला लावायचं. फोर-बाय-फोरचा दांडा टाकून चिखलात पुढची चाकं ओढतात का, तेही पाहायचं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तो खर्च, विमा आणि टायर किमतीत धरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला मागा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवू नका, ते कायद्यात बसत नाही.

आम्ही चौथी जीप घेतली. रंग पार उडालाय. पण या पावसाळ्यात आमच्या वाडीत झोळी बांधावी लागली नाही.