बाळाची झोप आणि हजार विड्या

(सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, "बाळ मोठं गुणाचं, दिवसभर झोपतं," असं आपण कौतुकानं म्हणतो. मला या कौतुकाविषयीच बोलायचं आहे. पूर्व भागात काय, कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत काय, मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करायच्या, तर बाळ झोपलेलंच लागतं. मग जे झोपत नाही ते हट्टी ठरतं, आणि त्याची आई आळशी.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट एवढंसं, दोन-तीन तासांनी दूध लागतंच. दिवस-रात्र त्याला पहिले दोन-तीन महिने कळत नाही. म्हणून दिवसा उजेड आणि बोलणंचालणं असू द्या, रात्री अंधार. झोपेत ते कण्हतं, हातपाय हलवतं. लगेच उचलू नका, पुष्कळदा ते झोपलेलंच असतं. मात्र दूध प्यायलाही जे उठत नाही ते गुणी नव्हे, त्याला दवाखान्यात न्या.

झोळीत इतक्या लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकते, श्वास कोंडू शकतो. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवा, तंबाखूपासून लांब. "एका खोलीत लांब म्हणजे कुठं?" असं इथल्या अक्का विचारतील. बरोबर विचारतील! निदान तंबाखू दाराबाहेर ठेवा, बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवा. याहून जास्त एकटीच्या हातात नाही.

१९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. त्या निर्दय नव्हत्या. पाळी चुकवता येत नव्हती आणि बाळाला सांभाळणारं कुणी नव्हतं.

१९६६च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघर आलं, पण कारखान्यात. आपण वळतो घरी. प्रसूतीलाभ मात्र त्याच कायद्यानं घरी वळणारीलाही लागू केला होता, हे किती जणींना ठाऊक होतं? २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. नोव्हेंबर २०२५पासून या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. हक्क मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो नावाचा. सून वळते आणि कार्ड सासूचं, असं आपल्याकडं घरोघर आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना कार्ड आणा, आणि त्या विड्या खरोखर कोण वळतं तेही सांगा.