जत्रा एका दिवसाची, भूक रोजची

(वाशी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड.





घरी बनवलेल्या खाद्यपदार्थांची विक्री करून तो पैसा एखाद्या लंगरखान्याला, म्हणजेच अन्नछत्राला द्यायचा, हा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. कुणी सांदण करील, कुणी समोसे तळील, कुणी दालचा आणील. विचार उत्तमच आहे. परंतु शिक्षकाला हिशेब तपासण्याची खोड असते. म्हणून आज मी आपल्याशी या जत्रेच्या हिशेबाविषयीच बोलणार आहे.

भुकेला माणूस शोधायला आपल्याला लांब जायला नको. वाशीच्या घाऊक बाजारात रात्रीपासून गाड्या लागतात. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला आणि त्यामुळे पुष्कळांना संरक्षण मिळाले. पण ज्याची कुठेही नोंद नाही, त्याला काम मिळाले नाही त्या दिवशी जेवणाचीही खात्री नसते. तीच गोष्ट रुग्णालयाच्या दारातली. आजाऱ्याला खाटेवर जेवण मिळते. त्याच्याबरोबर गावाहून आलेली म्हातारी मात्र औषधाच्या पैशाला हात लागू नये म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढते.

आता हिशेब मांडू या. विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात करावा. समजा, ६० घरांनी पदार्थ आणले आणि प्रत्येक घराच्या पदार्थांचे ६०० रुपये आले. एकूण झाले ३६,००० रुपये. आपण टाळ्या वाजवू. पण प्रत्येक घरी पीठ, तेल, गॅस मिळून २५० रुपये लागले असतील, तर १५,००० रुपये आधीच घराघरांच्या डब्यांतून गेलेले आहेत. म्हणजे खरी भर पडली २१,००० रुपयांची. डाळ-तांदळाच्या खिचडीच्या एका ताटाला ३० रुपये धरले, तर त्यात ७०० ताटे होतात. रोज ७० माणसे जेवणार असतील तर दहा दिवस. अकराव्या दिवशी काय?

मित्रहो, हा अकरावा दिवस आपल्या सगळ्या सत्कार्यांचा खरा परीक्षक आहे.

हा प्रश्न आपल्याच पुढे आला आहे असे नाही. जेरूसलेममध्ये सुलतान सुलेमान यांची पत्नी हुर्रम सुलतान यांनी १५५२ साली एक लंगरखाना काढला. तेथे गोरगरिबांना भाकरी आणि शोरबा मिळे. त्या बाईंनी एकदाच मोठी देणगी दिली असती तर ती काही वर्षांत संपली असती. त्यांनी गावांचे आणि जमिनींचे उत्पन्नच वक्फ करून त्या चुलीला बांधून दिले. राज्ये बदलली, पण चूल शतकानुशतके टिकली.

आपल्याकडे गावे नाहीत आणि जमिनीही नाहीत. मग आपण काय बांधून द्यायचे? याचे उत्तर साताऱ्याने दिलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवू लागली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. पण दागिने एकदाच मोडता येतात. म्हणून रयतेने मुष्टिफंड चालवला. घरच्या बाईने रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे, एवढेच. मूठभर धान्याने कोणाचे घर बसत नाही आणि शंभर मुठींनी वसतिगृह चालते.

आपल्या ६० घरांनी रोज एकेक मूठ तांदूळ काढला, मुठीला ५० ग्रॅम धरले, तर रोजचे ३ किलो आणि महिन्याचे ९० किलो होतात. ७० माणसांच्या खिचडीला रोज साधारण सव्वापाच किलो तांदूळ लागेल. म्हणजे निम्म्याहून अधिक तांदूळ मुठीतूनच आला. मग जत्रेचा पैसा डाळ, तेल, मसाला आणि गॅससाठी उरेल आणि दहा दिवसांच्या किती तरी पुढे जाईल.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे घ्या. तेथे डिसेंबर २०१५ मध्ये युसुफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासदाने आपल्या घरच्या ताज्या दोन पोळ्या आणि थोडी भाजी किंवा सालन आणून जमा करायचे. ज्याला गरज असेल त्याने ते घेऊन जायचे. शिळे चालणार नाही, ही अट. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास सभासद होते. दोन पोळ्या देणे कोणाला जड? पण रोज देणारी माणसे मिळाली, म्हणून ती बँक ठरली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट आपल्या माता-भगिनींची. जत्रा म्हटली की सगळे ओझे त्यांच्यावर पडते. पहाटे उठून त्यांनी तळायचे, आणि आपण कोट घालून व्यासपीठावर बसायचे, हे बरे नाही. मुलांनी कांदे सोलावेत, भांडी घासावीत, टेबले उचलावीत. मुलग्यांनी विशेषकरून! आणि ज्या घराला २५० रुपये खर्चणे जड आहे, त्या घराला सामानाचे पैसे आधीच, चारचौघांत न बोलता, द्यावेत. नाहीतर तिथली आई 'बरे नाही' असे सांगून घरी राहील आणि तिची मुलगी त्या दिवशी शाळेत येणार नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर गरम ठेवावा. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात विषार तयार होतो आणि पुन्हा गरम करूनही तो जात नाही. उपाशी माणूस वासाची तक्रार करत नाही, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट. कोणी भगिनी पुढे हाच व्यवसाय नियमित करू इच्छीत असेल, तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी जरूर करावी. गिरगावात सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचीच पुढे लिज्जत झाली, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट हिशेबाची. जत्रेची वही वेगळी असावी आणि जमाखर्च फळ्यावर लावावा. जकात यात मिसळू नये. तिचे हकदार कुराणात सांगितलेले आहेत, तिच्याविषयी आलिमांना विचारावे. जत्रेचा पैसा हा इमदाद आहे आणि त्यावर प्रत्येक भुकेल्याचा हक्क आहे.

चौथी गोष्ट ताटाची. अजमेरच्या दर्ग्यात एक मोठी आणि एक लहान अशा दोन देगा आहेत. मोठी बादशहा अकबराने दिली, लहान जहांगीरने. त्यांत तांदूळ, तूप, साखर, मेवा शिजतो. मांस शिजत नाही. त्यामुळे हिंदू, मुसलमान, कोणीही निःशंकपणे खाऊ शकतो. आपल्या घरी आपण बिर्याणी खुशाल खाऊ. पण बाजारातला हमाल आणि रुग्णालयातली म्हातारी कोणत्या धर्माची हे आपल्याला विचारायचे नसेल, तर खिचडीच बरी. आणि कृपा करून जेवणाऱ्याचा फोटो काढू नका. गावी त्याचीही मुले आहेत. बापाचे ते चित्र त्यांनी का पाहावे?

विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही काय देणार? सूरह माऊनमध्ये गरिबाला जेऊ घालण्याची प्रेरणा जो इतरांना देत नाही, त्याचीही निंदा आहे. म्हणजे स्वतःजवळ काही नसले तरी दुसऱ्याला उद्युक्त करण्याचे काम उरतेच. ते काम तुमचे. आपल्या इमारतीतल्या चार घरांत एकेक रिकामा डबा नेऊन द्या. दर शुक्रवारी तो आणायला जा, तांदूळ मोजा, वहीत लिहा. कोणी एखाद्या आठवड्यात दिले नाही तर टोचून बोलू नका. त्या घरी अडचण असेल.

जत्रा आपण जरूर भरवू. चांगले खाऊ, चांगले विकू. पण जत्रेची तारीख ठरवण्याआधी डबे वाटून होऊ द्या. ज्या पालकांना डबा हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. यादी मी आजच सुरू करतो आहे.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.