केंद्र, परीघ आणि कोलारची वीज



आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास म्हटला की राज्ये, तह, युद्धे आणि राजदूत एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. भांडवलशाहीची चिकित्सा करणारे विचारवंत या चित्रावर एक मूलभूत आक्षेप घेतात. संपत्ती कोण निर्माण करतो आणि ती कोणाकडे जाते, हा प्रश्न वगळून राष्ट्राराष्ट्रांतील सत्तेचा विचार करता येईल काय? १९६६ मध्ये आंद्रे गुंडर फ्रँक यांनी असे प्रतिपादन केले की, अविकसितता ही विकासाची आधीची पायरी नव्हे. काही देश ज्या प्रक्रियेतून संपन्न झाले, तिच्यातूनच इतर देशांची अविकसितता घडली. १९७४ मध्ये इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांनी जागतिक व्यवस्थेचे केंद्र, अर्धपरीघ आणि परीघ असे विभाग कल्पिले.

अशा ग्रंथांचा अनुवाद करताना ‘परीघ’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळते. परिघावरचे म्हणजे दूरचे, मागे राहिलेले, जेथे आधुनिक जग अद्याप पोचलेले नाही असे, हा अर्थ वाचकाच्या मनात सहज येतो. तो किती फसवा आहे, हे पाहण्यासाठी बंगळूरहून फार लांब जावे लागत नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणींचा कारभार १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीकडे आला. म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्र येथे वीजकेंद्र उभारले आणि १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून तेथील वीज कोलारच्या खाणींना पोचली. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. म्हणजे परीघ जगापासून तुटलेला नव्हता. राजधानीसारख्या शहराच्याही आधी तो जोडला गेला होता. प्रश्न जोडणीचा नसून ती कोणाच्या सोयीने झाली, हा आहे. सोने आणि लाभांश लंडनला जात, संस्थानाला स्वामित्वशुल्क मिळे, आणि तमिळ मुलखातून आलेले, बहुसंख्येने दलित असलेले मजूर भूगर्भातील उष्णता व धूळ सोशीत.

हा विचार आपल्याला परका नाही. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधील पत्रांतून इंग्रजी राज्याच्या आर्थिक शोषणावर कठोर टीका केली होती. दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून संपत्तीच्या या ओघाचा हिशेब मांडला. पाश्चात्त्य विद्यापीठांनी त्याला सिद्धान्ताचे रूप देण्यापूर्वी तो मुंबईत मांडला गेला होता.

तथापि कोलारची कथा येथे संपत नाही. १९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लंडनकडे जाणारा ओघ थांबला. पुढे सोने काढण्याचा खर्च परवडेनासा झाला आणि २००१ मध्ये खाणी बंद पडल्या. तेव्हापासून तेथील हजारो माणसे रोज आगगाडीने कामासाठी बंगळूरला येतात. म्हणजे आता केंद्र आपण आहोत.

रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले की, कोणताही सिद्धान्त कोणाच्या तरी भूमिकेतून आणि काही हेतूने मांडलेला असतो. ही कसोटी आपण या चिकित्सक सिद्धान्तांनाही लावली पाहिजे. परीघ केवळ देशांच्या नकाशावर शोधणाऱ्यास सकाळच्या त्या गाडीतील माणसे दिसणार नाहीत.